पाणी ऐंशीला उकळतं

४ मार्च

शाळेतून येताना एक कोरा हजेरीपट उचलून आणला होता, त्यातच लिहायला बसले आहे. शाळा बंद झाली, आता हजेरी घ्यायची कुणाची? एकोणीस वर्षं पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवलं. आता पंचेचाळिसाव्या वर्षी टॉफी करायला शिकते आहे.

सासऱ्यांचा कारखाना म्हणजे घराच्या मागची एक लांब खोली. दोन शेगड्या, एक तांब्याची कढई, गार संगमरवरी टेबल आणि खिडकीशी कागदात गोळ्या गुंडाळायचं बाकडं. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला हा उद्योग. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा, दातांचा डॉक्टर निघाला. बाप दात किडवतो आणि मुलगा उपटतो, हा विनोद लग्न झाल्यापासून ऐकते आहे, आणि सांगणाऱ्याला दर वेळी वाटतं की तो आपल्यालाच सुचला.

आणखी चारच दिवसांत बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय, पुढे अडीच आठवडे शेगडीजवळ फिरकायचं नाही. आज जेवताना बाबांनी निकाल सांगितला.

"सव्वीस तारखेला डोळ्यावरचं झाकण निघतंय. त्या दिवशी तुझ्या हातची लोण्याची टॉफी आणि लिंबाची गोळी खाईन. जमली असेल तर किल्ल्या तुझ्या. नसेल तर कढई विकायची आणि त्या खोलीत तुझ्या नवऱ्याची दात काढायची खुर्ची मांडायची."

"मला नकोय ती खोली," नवरा म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"वही आहे, थर्मामीटर आहे," बाबा म्हणाले. "वहीत आकडा बघायचा, तिथे पारा आला की कढई उतरवायची. गणिताच्या बाईला आणखी काय लागतं?"

काहीच नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. खरं सांगायचं तर मला ती खोली हवी आहे. शाळा सुटल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं हेच कळत नव्हतं. त्या खोलीत पाऊल टाकलं की कळतं.

६ मार्च

थर्मामीटर फुटला.

माझ्या हातून. दहा-साडेदहाला घरातून कारखान्याकडे जाणाऱ्या बोळातली धूळ झटकत होते, खुंटीवरून निसटला आणि खाली फरशीवर. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सोपस्कार केले होते म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं. खिडक्या उघडल्या, दोन पुठ्ठ्यांनी पाऱ्याचे मणी गोळा करून बाटलीत बंद केले, नवऱ्याने ती बाटली दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर रीतसर पाठवली.

थर्मामीटरची लाकडी पट्टी तेवढी शाबूत आहे. हातभर लांब, पाकाने काळी पडलेली. आकडे कोरलेले आहेत, पण वर जी काही अक्षरं होती ती घासून केव्हाच गेली. ऐंशीच्या रेघेवर कुणीतरी एक बारीक पितळी खिळा ठोकून ठेवलाय, कशासाठी कोण जाणे. दोरी अडकवायला असेल.

"सांगून टाक," नवरा म्हणाला.

"परवा ऑपरेशन आहे रे त्यांचं. आत्ता?"

पट्टी साखरेच्या रिकाम्या डब्यात लपवली. सासूबाईंना सांगितलं की थर्मामीटर साफ करायला दिलाय. "बरं," म्हणाल्या. बिचाऱ्या लगेच विश्वास ठेवतात.

९ मार्च

ऑपरेशन उत्तम झालं. बाबा पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसले आहेत. एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्यात आधीपासूनच धुकं. दिसत नाही म्हणून सगळ्या घराला कान लावून बसतात.

नवऱ्याने नवा थर्मामीटर आणला. स्टीलचा, आकडे चमकतात, दशांशासकट. सकाळी पहिला घाणा घातला. वहीत आजेसासऱ्यांच्या वळणदार अक्षरात स्पष्ट लिहिलंय: लोण्याची टॉफी, पंच्याण्णव. दूध, साखर, लोणी ढवळत होते, आणि उकळी फुटायच्या आतच पंच्याण्णव आला सुद्धा! एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. कढई उतरवली, टेबलावर ओतली.

ती थांबेच ना. टेबलाच्या या कडेकडून त्या कडेकडे गेली आणि मग खाली माझ्या पायावर.

सासूबाई दारात येऊन बघत होत्या. "चप्पल घालून जात जा गं बोळातून," एवढंच म्हणाल्या. "कोपऱ्यात काचबीच असते." काच कुठून येणार, पण वयस्कर माणसं कशालाही भितात. मग म्हणाल्या, "वाटीत गार पाणी घे, थेंब टाकून बघ, गोळी वळली की झालं." मी म्हटलं, आई, गणितात अंदाज चालत नाही. त्यांनी वाटी परत फळीवर ठेवली.

पुढच्या खोलीतून बाबांनी हाक मारली, "सूनबाई, आज टकटक ऐकू आली नाही ती?"

त्यांची सवय होती म्हणे, पारा बघून झाला की पट्टी कढईच्या काठावर दोनदा आपटायची. मी म्हटलं, मी हळूच आपटते बाबा.

"असं होय," ते म्हणाले.

१० मार्च

बाबांच्या आंघोळीचं पाणी काढलं. त्यांनी सांगितलं, बत्तीस हवं. या घरात पाण्यालाही आकडा आहे. नव्या थर्मामीटरने मोजून बरोबर बत्तीस अंशांवर आणून बादली ठेवली. पहिला तांब्या अंगावर घेतल्याबरोबर आतून अशी आरोळी आली की शेजारची खिडकी उघडली.

"बत्तीस सांगितलं होतं मी!"

"बत्तीसच आहे बाबा!"

"हे बत्तीस असेल तर मी विशीचा आहे!"

सासूबाईंनी गुपचूप उकळत्या पाण्याचं एक पातेलं नेऊन ओतलं. आतून गुणगुणणं ऐकू यायला लागलं. ऑपरेशननंतर माणसाला थंडी जास्त वाजत असावी.

१२ मार्च

काल आणि आज मिळून चार घाणे. चारही पातळ. नवऱ्याच्या मते टॉफी नाही, पण पावाला लावायला झकास. तो आणि सासूबाई मिळून बरण्या भरताहेत.

दुपारी मला एकदम साक्षात्कार झाला: जुना थर्मामीटर, म्हणजे फॅरनहाइट असणार! शाळेतलं सूत्र तोंडपाठ आहे. बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नवाने भागा. पंच्याण्णवातून बत्तीस गेले त्रेसष्ट, पाचा त्रेसष्ट तीनशे पंधरा, भागिले नऊ, पस्तीस. सुंदर, पूर्णांकात उत्तर! फळ्यावर असतं तर खाली दोन रेघा मारल्या असत्या.

मग लक्षात आलं की पस्तीस अंशांचा पाक म्हणजे माझ्या हातापेक्षाही गार. कढईत हात घातला असता तर पाकाला ताप आला असता.

संध्याकाळी सासूबाईंना सर्दी झाल्यासारखी वाटली. बाबा खुर्चीतून म्हणाले, "एकतीसच्या वर गेला तरच अंथरूण धर. आमच्या वडिलांचा नियम." सासूबाई हसल्या, "मोजायचा तरी कशावर?" म्हणाल्या. एकतीस म्हणे! म्हाताऱ्या माणसांचे आकडे घसरतात कधी कधी. मनाला लागलं ते.

१४ मार्च

आज लिंबाची गोळी. वहीत एकशे अठरा. आजेसासऱ्यांनी आधी एकशे साडेसतरा लिहून खोडलंय, आणि शेजारी जाड शाईत एकशे अठरा. अर्ध्या अंशासाठी किती घाणे खर्ची पडले असतील त्या माणसाचे!

एकशे अठराला उतरवलं, ओतलं. गोळी काही झाली नाही, कडक व्हायचं नावच नाही. पण चावायला ताणली जाणारी, मऊ, लिंबाच्या वासाची एक छान टॉफी झाली. म्हणजे टॉफी करायला गेले तर पाक होतो आणि गोळी करायला गेले तर टॉफी होते.

उत्तर उघड आहे. वहीत आकडे अदलाबदल झालेत! टॉफीला एकशे अठरा, गोळीला पंच्याण्णव. आजेसासऱ्यांची चूक मी शोधली. आज शांत झोप लागेल.

१५ मार्च

लोण्याची टॉफी, एकशे अठरा. जमली! अगदी जमली म्हणजे जवळजवळ. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घोळवला, डोळे मिटले. "आलीस अगदी दारापर्यंत," म्हणाल्या. "पण यांची टॉफी दाताला क्षणभर धरते आणि मग सोडते. ही धरतच नाही." आणि आणखी दोन तुकडे पदरात बांधून बाहेर गेल्या. गोड फार आवडतं त्यांना.

मग लिंबाची गोळी, पंच्याण्णव. सरबत झालं.

"सरबत पण छान आहे," नवरा म्हणाला. मला चमचा फेकून मारावासा वाटला. त्याने मोबाइलवर शोधून दिलं. एक जण म्हणतो गोळीला एकशे सेहेचाळीस, दुसरी म्हणते दीडशे, तिसरा एकशे चोपन्न. त्यातला कुणाचा तरी आकडा घेऊन गोळी होईलही. पण ती आमची नसेल. वहीत एकोणचाळीस प्रकार आहेत आणि एकेकाचा आकडा अर्ध्या अंशापर्यंत घासून काढलेला. ते सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि एकाचाही अर्थ मला लागत नाही. अकरा दिवस राहिले.

१७ मार्च

आज माझं आणि बाबांचं भांडण झालं. भांडण पाण्यावरून.

कॉफी करत होते. बाबा म्हणाले, पाणी फार तापवू नकोस, सत्तरला उतरव. मी म्हटलं, सत्तरला कॉफी कोमट होईल बाबा, पाणी उकळतं शंभरला.

"ऐंशीला," बाबा म्हणाले.

"शंभरला."

"पाणी ऐंशीला उकळतं. तुम्ही शाळेत काय शिकवता?"

मी हसले. ते माझं चुकलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून सांगायला लागले.

नऊ वर्षांचे होते. परीक्षेत प्रश्न आला, पाणी किती अंशाला उकळते? वर्गात सगळ्यांनी पाठ केलेलं लिहिलं. यांना पाठ करायची गरजच नव्हती, कारण घरी कढईशेजारी उभं राहून शंभर वेळा पाहिलं होतं. ऐंशी लिहिलं. शून्य मिळालं. गुरुजींनी उभं करून तो कागद सगळ्यांसमोर वाचायला लावला आणि म्हणाले, याच्या घरचं पाणी वेगळं आहे. पोरं इतकी हसली की पुढे शाळा सोडेपर्यंत यांचं नावच 'ऐंशी' पडलं. दोन वर्षांनी शाळा सोडली.

"तेव्हापासून शाळेचा आणि माझा छत्तीसचा आकडा," बाबा म्हणाले. "मुलगा शिकला, मी कधी त्याच्या शाळेत पाऊल टाकलं नाही. आणि मग सून आणली ती बाई! म्हटलं, निदान ही तरी मला विचारेल, का लिहिलंस ऐंशी."

मी म्हणाले, "बाबा, पण गुरुजींचं उत्तर बरोबर होतं."

कॉफी तशीच राहिली. लिहितानाही कान तापले आहेत. पण खोटं कसं बोलणार? मन राखायला पाण्याचा उत्कलनबिंदू बदलता येत नाही.

१८ मार्च

अबोला. घाणा घातला नाही.

१९ मार्च

कुठून सुरुवात करू?

सकाळी ठरवलं होतं की पुरे झाली लपवाछपवी, सव्वीसला पट्टी त्यांच्या पुढ्यात ठेवायची आणि कबूल करायचं. काळीकुट्ट कशी द्यायची म्हणून दुपारी गरम पाण्याने पुसायला घेतली. पुसता पुसता अंगठा त्या खिळ्याला लागला. ऐंशीच्या रेघेवरचा खिळा. दोरी अडकवायला कोणी मधेच खिळा मारतं का? आणि तोही इतका काटेकोर, रेघेच्या बरोब्बर डोक्यावर?

मी तशीच ओल्या हाताने उभी राहिले.

ऐंशी. या पट्टीवर पाणी ऐंशीलाच उकळत होतं. बाबांनी पाहिलं होतं ते खरं होतं. बर्फ शून्यावर, उकळी ऐंशीवर. जेवढ्या अंतराचे आमचे शंभर भाग, तेवढ्याच अंतराचे यांचे ऐंशी. म्हणजे त्यांच्या आकड्यात त्याचाच एक चतुर्थांश मिळवला की आमचा आकडा. बस्स! चौथीतलं गणित!

हजेरीपटाच्या मागच्या पानावर भराभरा मांडलं. आंघोळीचं बत्तीस, त्यात आठ मिळवले, चाळीस. आणि मी त्या माणसाला बत्तीस अंशांचं पाणी घातलं! तापाचे एकतीस म्हणजे पावणेएकोणचाळीस, खरंच अंथरूण धरायचाच ताप. कॉफीचे सत्तर म्हणजे साडेसत्त्याऐंशी. त्यांचा एकही आकडा घसरलेला नव्हता, घसरले होते ते माझे.

लोण्याची टॉफी पंच्याण्णव, म्हणजे एकशे अठरा पूर्णांक तीन चतुर्थांश. मी एकशे अठराला उतरवली होती! तो पाऊण अंश सासूबाईंच्या दाताला कळला. आणि गोळीचे एकशे अठरा, म्हणजे एकशे साडेसत्तेचाळीस. वहीत अदलाबदल बिलकुल नाही. यांचा गोळीचा आकडा आणि आमचा टॉफीचा आकडा योगायोगाने सारखा निघाला आणि मी आजेसासऱ्यांची चूक काढून शांत झोपले.

पण पुढचं लिहायलाच हवं. या मापाला काही नाव असेल म्हणून माळ्यावरून विज्ञानाचं जुनं पुस्तक काढलं, मी शिकवायचे तेच. सहाव्या धड्याच्या शेवटी चार ओळींची चौकट आहे: 'तापमानाचे जुने मापक्रम'. रेओम्यूर नावाच्या माणसाचं माप, गोठणबिंदू शून्य, उत्कलनबिंदू ऐंशी, पूर्वी मिठाईच्या आणि चीजच्या कारखान्यांत वापरत असत. आणि त्या चौकटीवर पेन्सिलने मोठ्ठी फुली. शेजारी माझ्याच अक्षरात: परीक्षेला नाही.

एकोणीस वर्षं, दर वर्षी, प्रत्येक तुकडीला मी ती फुली मारायला लावली.

आधी हसू आलं, मग रडू आलं, मग नवरा आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे खुर्ची नाही ना मांडावी लागणार?" आणि मला उचलून एक गिरकी मारली. पाठ धरली त्याची. आता शेकतोय.

२० मार्च

एकशे साडेसत्तेचाळीस. टेबलावर ओतलं, पाक काचेसारखा पसरला, थंड झाल्यावर तोडला तर टणकन आवाज आला. गोळी! पिवळी, आरपार, खिडकीकडे धरली तर समोरचा दिवा उलटा दिसतो.

मग टॉफी. स्टीलवर एकशे अठरा पूर्णांक सात दिसलं, श्वास धरला, आठ दिसताक्षणी उतरवली. दाताला क्षणभर धरते, मग सोडते. मी सहा खाल्ल्या. नवऱ्याने बारा खाल्ल्या आणि म्हणाला, धंद्याच्या दृष्टीनेही उत्तम आहे.

सासूबाईंनी एक घेतली, मूठ मिटून पुढच्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसत आल्या. तिकडे दोन दिवस गप्प असलेले बाबा खाकरले आणि चक्क शीळ घालायला लागले. डोळ्याची ठणक कमी झाली असावी. बरं वाटलं.

धावत जाऊन सांगावंसं वाटत होतं. पण ठरवलंय, सव्वीसलाच. आधी कबुली, मग टॉफी. उलट केलं तर ती फसवणूक होईल. आणि फुटलेलं कळल्यावर बाबांनी टॉफीला हातही लावला नाही तर? ती वडिलांची वस्तू होती. मी असते तर लावला असता का? माहीत नाही.

२३ मार्च

एकोणचाळीस प्रकारांपैकी सात झाले. वहीच्या प्रत्येक पानाखाली पेन्सिलने बारीक आकडा लिहिते आहे. त्यांचा आकडा खोडत नाही. त्याच्या खाली आमचा.

२५ मार्च

उद्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना काय सांगायचे मी? हात पाय धुवा, लवकर झोपा. आता कळतंय, त्याने काही होत नाही.

२६ मार्च

बाबा दवाखान्यातून आले ते काळा चष्मा लावूनच. घरात आल्यावर काढला, सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मला म्हणाले, "तुझे केस पांढरे झाले की गं." मी म्हटलं, या तीन आठवड्यांत झाले.

टेबलावर मी ताटली ठेवली नाही. पट्टी ठेवली.

"बाबा, थर्मामीटर माझ्या हातून फुटला. सहा तारखेला. मी लपवलं."

त्यांनी पट्टी उचलली, खिळ्यावरून बोट फिरवलं.

"सहा तारीख, सकाळी साडेदहा," ते म्हणाले. "आधी खळकन् झालं. मग तू 'अगं बाई' म्हणालीस. मग एकामागून एक सात खिडक्या उघडल्यास. डोळा गेला होता गं माझा, कान नाही."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. वीस दिवस लावलेस."

मला धरणी दुभंगावी असं झालं. पण अजून अर्धंच झालं होतं. म्हटलं, "दुसरंही सांगायचंय. पाणी ऐंशीला उकळतं."

मी कागद घेतला. खाली बर्फ काढला, वर उकळतं पातेलं, मधे जिना. म्हटलं, जिना तोच आहे बाबा. गुरुजींनी त्याला शंभर पायऱ्या धरल्या, तुमच्या वडिलांच्या थर्मामीटरने ऐंशी. वरचा मजला एकच.

त्यांनी तो जिना खालपासून वरपर्यंत पाहिला. नव्या डोळ्याने.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो?"

"नाही."

"आणि गुरुजी?"

"तेही नाही. पण 'कशावर मोजलंस' हे त्यांनी विचारायला हवं होतं." मग मीच पुढे म्हणाले, "आणि मीही."

बाबांनी खिळ्यावर बोट ठेवलं. "शून्य मिळालं त्या संध्याकाळी मी जेवलो नव्हतो. वडिलांनी काही विचारलं नाही. पातेल्यात पाणी ठेवलं, खळखळून उकळू दिलं, ही पट्टी त्यात धरली. पारा थांबला तिथे खिळा ठोकला. म्हणाले, बघ, तू खोटं लिहिलेलं नाहीस. एवढंच. का ते त्यांनाही माहीत नव्हतं."

नवरा एकदम खिडकीपाशी जाऊन बाहेर बघायला लागला. सासूबाई नाक शिंकरत होत्या, सर्दी अजून गेली नाही त्यांची.

"आता आण ती ताटली," बाबा म्हणाले.

आधी गोळी. गालात धरली, जिभेने फिरवली, डोकं हलवलं. मग टॉफी. दात लावले, थांबले. त्या एका क्षणात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही.

"कितीला उतरवलीस?"

"पंच्याण्णव."

"तुझ्या पंच्याण्णवला की माझ्या?"

"आपल्या," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, टेबलावर ठेवला, आणि ताटली स्वतःकडे ओढली. मग दोनदा, टक टक, पट्टी टेबलाच्या काठावर आपटली.

२८ मार्च

काल दिवसभर एक गोष्ट मनातून जाईना. आज सकाळी हजेरीपटातलं एक पान फाडलं, जुन्या परीक्षेच्या कागदासारखं आखलं. वर लिहिलं, प्रश्न पहिला: पाणी किती अंशाला उकळते? उत्तराची जागा रिकामी सोडली आणि बाबांपुढे ठेवून पेन दिलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नऊ वर्षांच्या मुलासारखं कागदावर वाकून, जीभ दातांत धरून, लिहिलं: ऐंशी.

शाळेतलं लाल पेन अजून चालतं आहे. बरोबरची खूण केली, शेजारी एकापैकी एक गुण लिहिला आणि कागद परत दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "बाईंनी सही नाही केली."

सही केली, तारीख घातली. नवऱ्याने दुपारीच काच बसवून आणली. बोळातल्या रिकाम्या खुंटीवर आता ती चौकट आहे. बाबा येता जाता तिच्यापुढे थांबतात. दुपारी गोळ्या कागदात गुंडाळायला येणाऱ्या दोघी बायकांना त्यांनी ती वाचून दाखवली, मग पाणीवाल्याला, मग त्याच दोघींना पुन्हा.

थर्मामीटर फुटल्याचं सासूबाईंना मात्र मी सांगेपर्यंत समजलं नव्हतं. संध्याकाळी त्यांची माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "असं? फुटला होता का?" आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. इतकी भाबडी बाई मी दुसरी पाहिली नाही.

उद्यापासून आठवा प्रकार. वहीत सत्त्याण्णव लिहिलंय, म्हणजे एकशे सव्वाएकवीस. बाबा शेगडीजवळ उभे राहणार आहेत, आणि आकडा मी त्यांना त्यांच्या मापात ओरडून सांगणार आहे.